लांब चाचणी

म्हाताऱ्यानं चालू लॅपटॉप काउंटरवर ठेवला, डाव्या हाताची तीन बोटं त्याच्या कोपऱ्यावर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. त्याच्यामागं रांगेत चौघंजण होते. त्यातल्या एकानं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला तसं करायला मी काही सांगितलं नव्हतं, पण काउंटरच्या आत बसलेल्या माणसाकडे लोक नेहमी असंच बघतात.

"चार दिवस," डोळे न उघडताच म्हातारा म्हणाला. "लई तर पाच."

"कशाचे?" मी विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "अब्बांना ऐकू येत नाही, मॅडम. लॅपटॉपची हार्डडिस्क जाणार आहे असं म्हणतात ते."

ही दोन हजार दहा सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. सांगलीत विश्रामबागेला 'आवटी सिस्टिम्स' नावाचं सर्व्हिस सेंटर होतं, एका मोठ्या लॅपटॉप कंपनीचं अधिकृत. मी तिथं इंजिनिअर होते. डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं आणि कंपनीची नियमावली मला पाढ्यांसारखी पाठ होती. आवटी सर आल्यागेल्याला सांगायचे, "नियम विचारायचा तर मगदूमला विचारा, पुस्तक काढायची गरज नाही." मला ते कौतुक वाटायचं.

त्या वर्षी कंपनीनं एक परिपत्रक काढलं होतं. ठरावीक नंबरांच्या लॅपटॉपमधल्या हार्डडिस्क वेळेआधीच बंद पडत होत्या, हे कंपनीनं मान्य केलं होतं. कंपनीनं काही मान्य करणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळं सोबत अटी होत्या. वॉरंटी संपली असली तरी लॅपटॉप घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत डिस्क फुकट बदलून मिळणार. मात्र डिस्क आमच्या चाचणीत नापास झाली पाहिजे आणि पडद्यावर नापासाचा कोड आला पाहिजे. जुनी डिस्क कंपनीच्या पुण्याच्या गोदामात परत गेली पाहिजे. आणि डिस्कमध्ये गिऱ्हाइकाचं जे काही असेल, त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही. शेवटची अट जाड अक्षरांत होती.

मी मुलीकडून बिल घेतलं. तिचं नाव जुबेदा बारगीर, पत्ता मिरजेचा. लॅपटॉपचा नंबर यादीत बसत होता. तीन वर्षं पुढच्या मंगळवारी संपत होती आणि तो दिवस गुरुवार होता. मी तिला म्हटलं, अगदी वेळेत आलात. लगेच छोटी चाचणी लावली. ती पाच मिनिटांची असते. पाच मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण आली, पास.

"डिस्क चांगली आहे," मी म्हणाले.

जुबेदा वडिलांकडे वळली आणि त्यांना नीट दिसतील असे ओठ हलवत सावकाश काहीतरी बोलली. तसं मोठ्यानं ओरडलं तर त्यांना थोडं पोचायचं, पण एरवी सगळं जग त्यांच्याकडे जुबेदाच्या ओठांवरूनच जात होतं. त्यांनी पुन्हा लॅपटॉपला बोटं लावली. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे सांगितलं, "तुमचं मशीन म्हणत आसंल. पर आतलं फिरताना खरखर करतंय. चांगली न्हाई ही."

माझ्या दोन वर्षांच्या नोकरीत कंपनीच्या चाचणीला बोटांनी खोटं पाडणारा पहिलाच माणूस समोर उभा होता. मला हसू आलं नाही, राग आला. मी विचारलं की चाचा काय काम करतात.

मग जुबेदानं सांगितलं ते असं. तिचे वडील मौलासाहेब बारगीर मिरजेत तंबोरे करायचे, चाळीस वर्षं. त्यातही त्यांचं नाव होतं ते जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं केसभर घासून असा उतार द्यायचा, की तार तिला हळूच चाटून जाईल आणि आवाज लांबच लांब गुंजत राहील. केसभर जास्त घासलं की वाद्य कर्कश आणि केसभर कमी घासलं की मुकं. हे काम कानानं चालतं आणि चाचांचे कान तीन वर्षांपूर्वी जायला लागले. जात आहेत हे कळल्यावर त्यांनी लेकीसाठी लॅपटॉप घेतला आणि दोघांनी मिळून दीड वर्ष तंबोऱ्यांचे आवाज भरून ठेवले. आता कान जवळजवळ पूर्ण गेले होते. जुबेदा त्या आवाजांवरून शिकत होती, निम्मं शिकून झालं होतं.

"माझे काका म्हणतात, जवारी हे पोरीचं काम नाही," ती म्हणाली. "दर्ग्याच्या उरुसात गाणं असतं, गवई येतात. तोवर माझ्या हातचा तंबोरा एखाद्या गवयाला पटला तर ठीक, नाहीतर अब्बांची हत्यारं काकांकडे जायची. असं ठरलंय. त्या डिस्कमध्ये आहे ते परत भरता येणार नाही, मॅडम. भरून घ्यायला अब्बांचे कान लागतात."

रांगेतला घड्याळवाला आता ऐकत होता.

मी तिला नियम सांगितले. फुकट डिस्क हवी तर आजच तक्रार नोंदवावी लागेल. तक्रार नोंदवली की लॅपटॉप सेंटरमध्येच राहतो, बाहेर जात नाही. आतला माल आम्ही काढून देत नाही, पण तिनं इथं येऊन स्वतः काढून घेतला तर माझी हरकत नाही. तिच्याकडे तेवढी मोठी डिस्क नव्हती. कुपवाडला मामाचा मुलगा होता, त्याच्याकडे होती.

"उद्या घेऊन येते," जुबेदा म्हणाली. "आधी सगळं काढून घेते, मग तुम्हाला काय करायचं ते करा. तोवर चालू करू नका. चालेल ना?"

मी म्हटलं चालेल. चाचांनी लॅपटॉप स्वतः बंद केला, झाकण मिटलं आणि त्यावर तळहात ठेवून मला म्हणाले, "आता हिला दमवू नका, बाई. निजू द्या."

ते गेल्यावर मी परिपत्रक पुन्हा वाचलं. डिस्क पास होती. उद्या जुबेदानं सगळं काढून घेतलं, तरी पास डिस्क बदलून मिळणार नव्हती. छोट्या चाचणीत पास झालेल्या डिस्कला एक लांब चाचणीही असते. ती डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचून काढते, चार तास चालते, आणि लपलेलं दुखणं असेल तर तिच्यात हमखास सापडतं. शनिवारी सेंटर अर्धा दिवस, रविवारी बंद, सोमवारी पुण्याचे साहेब तपासणीला येणार आणि मंगळवारी मुदत संपणार. मी हिशेब केला की आज दुपारीच लांब चाचणी लावली, तर उद्या मुलगी येईपर्यंत कोड हातात असेल. तिचा माल तिला मिळेल, डिस्कही मिळेल आणि सगळं नियमात बसेल. मला त्यांचं भलं करायचं होतं. हे मी आजही सांगते, कुणी विचारत नाही तरी.

दोन वाजून पाच मिनिटांनी मी लॅपटॉप चालू केला आणि लांब चाचणी लावली.

पाच वाजून गेल्यावर माझ्या टेबलावर कुणीतरी नखानं टकटक करतंय असं वाटलं. आवाज लॅपटॉपमधून येत होता. टक, टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. पडद्यावरची पट्टी पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबली होती. मी चाचणी बंद करायला गेले, तर तीच बंद झाली आणि लाल अक्षरांत कोड आला. नापास. खाली ओळ होती, 'हे उपकरण मोफत बदलासाठी पात्र आहे. अभिनंदन.'

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. त्याला आपल्यात डिस्क आहे हेच आठवेना. मग मी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघितली, तिसऱ्याला लावली. टक, टक, टक. माझी पाचावर धारण बसली. मी कुणाचे तरी कान तळून खाल्ले आहेत असं मला वाटलं, आणि तेही परिपत्रकाप्रमाणे.

आवटी सरांना जाऊन सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं की कोड आला का. आला म्हटल्यावर म्हणाले, मग झालं तर. मी म्हटलं, पण सर, त्यांनी चालू करू नका म्हणून सांगितलं होतं.

"मगदूम, ती जाणारच होती की नाही?"

"होती."

"मग गेली. आपोआप गेली असं सांग. उगाच लांब चाचणी वगैरे गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं, त्यांना ते कळत नाही."

शुक्रवारी सकाळी अकराला बापलेक आले. जुबेदाच्या हातात मामाच्या मुलाची डिस्क होती, रुमालात गुंडाळलेली. माझ्या कोपराखाली चाचणीचा छापील कागद होता, कारण तो फॉर्मला जोडावा लागतो. त्यावर ठळक लिहिलेलं होतं, लांब चाचणी, सुरू दोन पाच, समाप्त पाच बेचाळीस. जुबेदाची नजर कागदावर गेली. मी कोपर जरा सरकवलं. तिनं वाचलं की नाही ते मला कळलं नाही.

"डिस्क काल आपोआप गेली," मी म्हणाले. काउंटरवर बोलतात त्याच आवाजात. "चाचा म्हणत होते तशी. नवीन डिस्क मिळेल, तुम्ही पात्र आहात."

जुबेदानं रुमालातली डिस्क काउंटरवर ठेवली. मग वडिलांकडे वळली. मी प्रिंटरकडे वळले, कारण फॉर्म काढायचा होता, आणि खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याचं तोंड मला बघायचं नव्हतं. माझं बोलणं दोन वाक्यांचं होतं. तिला सांगायला जरा जास्त वेळ लागला.

फॉर्म घेऊन वळले तेव्हा चाचा माझ्याकडेच बघत होते. चेहरा उतरला होता, पण रागाचं त्यात काही नव्हतं. त्यांनी जुबेदा दाखवेल तिथं सही केली आणि पेन माझ्या हातात देताना म्हणाले, "होतं, बाई. माझ्या हातनंबी दोन भोपळे फुटल्यात. गिऱ्हाइकाचे."

तंबोऱ्याचा खालचा गोल भाग म्हणजे वाळवलेला भोपळा असतो, एवढं मला माहीत होतं. पण डिस्क आपोआप गेली असं सांगितल्यावर हे उत्तर कुठून आलं ते कळेना. ऐकू न येणाऱ्या माणसाचं असं होत असेल, तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असेल, असं मी मनाशी धरलं. नवीन डिस्क बसवून दिली. जाताना त्यांनी मला हात जोडले आणि मीही जोडले. जुबेदानं जोडले नाहीत. तिच्या एका हातात लॅपटॉप होता आणि दुसऱ्यात तो रुमाल, त्यामुळं तसं झालं असेल.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हातारा भांडला असता, तक्रार वहीत चार ओळी खरडून गेला असता, तर मी नियमावलीचं पान काढून दाखवलं असतं आणि निर्धास्त झोपले असते. भोपळ्यांवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमावलीत भोपळे कुठंच नाहीत.

जुनी डिस्क पुण्याच्या पार्सलमध्ये सोमवारी जायची होती. शनिवारी दुपारी सेंटर बंद करताना मी ती माझ्या जेवणाच्या डब्यात घातली, फडक्यात गुंडाळून, आणि वर उरलेली चपाती ठेवली. सुटी डिस्क जोडायची केबलही घेतली. कंपनीची वस्तू सेंटरबाहेर नेणं हा नियम क्रमांक एक होता. तो मोडताना मला काहीतरी वाटायला हवं होतं, पण चपाती तेलकट तर नाही ना, एवढंच मनात आलं.

रविवारी सकाळी मी मिरजेला गेले. बसमधून उतरल्यावर तंबोऱ्यांची गल्ली विचारावी लागली नाही, घरांवर भोपळे टांगलेले दिसले. बारगिरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती, निम्मी गल्लीत उघडी. आत चाचा जमिनीवर बसून एका भोपळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. जुबेदा तंबोरा मांडीवर घेऊन बसली होती. समोरच्या दुकानात दोघं जण रंधा मारत होते.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी डबा उघडून चपाती बाजूला केली आणि डिस्क काढून दाखवली. जुबेदाला म्हटलं, एकदा प्रयत्न करून बघते, निघेलच असं नाही. ती तंबोरा बाजूला ठेवून उठली. तिनं लॅपटॉप आणला.

केबल जोडली. टक, टक, टक. डिस्क पालथी घातली, उभी केली, तरी तेच. समोरचा रंधा थांबला होता. चाचांनी भोपळा खाली ठेवला आणि हात पुढे केला.

मी डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंडं धरावं तशी चार बोटांच्या टोकांवर धरली. थोडी कलती केली. थांबले. आणखी थोडी कलती केली, मग केसभर परत आणली. त्यांचे डोळे मिटलेले होते. टकटक एकदा अडखळली, दोनदा अडखळली आणि बंद झाली. खाली फक्त एक बारीक सूर राहिला. पडद्यावर डिस्कचं चिन्ह उमटलं.

"हितं बसलीय," चाचा पुटपुटले. "आता मला हलवू नका."

डिस्कमध्ये दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'बरोबर' आणि दुसऱ्याचं नाव 'चूक'. प्रत्येकात चोवीस आवाज होते. मी अर्थातच 'बरोबर'वर गेले.

"तो नको," जुबेदा म्हणाली. "आधी चूक घ्या."

मी तिच्याकडे पाहिलं.

"बरोबर आवाज गल्लीत कुठल्याही चांगल्या तंबोऱ्यात सापडतो. चुकीचा कोण जपून ठेवतं? अब्बांनी चोवीस वेळा घोडी मुद्दाम बिघडवली, प्रत्येक वेळी वेगळी. कुठं घासलं की काय बिघडतं ते त्यात बोलून ठेवलंय. मला ते पाहिजे."

मी एकेक आवाज ओढून घ्यायला सुरुवात केली. डिस्क मरणपंथाला लागलेली, त्यामुळं एकेकाला दहा-दहा मिनिटं लागत होती. चाचा तसेच बसून होते, हात हवेत, कोपर गुडघ्यावर टेकलेलं. पहिला आवाज आला तसा जुबेदानं हेडफोन लावून ऐकला आणि वडिलांना मान हलवून दाखवली. ते हसले, पण फक्त तोंडानं. हात हलू दिला नाही. कुणीतरी चहा आणला. चाचांना जुबेदानं बशीनं पाजला. एक माशी त्यांच्या मनगटावर बसली आणि मी ती हाकलायला गेले तर जुबेदानं माझा हात धरला. माशी आपली आपण उठेपर्यंत आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो.

मला त्या तीन तासांत एवढंच कळत होतं की हा माणूस माझी चूक हातात धरून बसला आहे. माझा दंड भरून आला नव्हता, त्याचा आला होता. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही.

सतरा आवाज निघाले. अठरावा अर्ध्यावर असताना चाचांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "गेली." पडद्यावर पट्टी अजून पुढं सरकत होती. दोन सेकंदांनी ती थांबली आणि चिन्ह नाहीसं झालं. डिस्कनं एकदा टक केलं, पुन्हा केलं नाही. पहिल्या दिवशी चाचांनी चार दिवस सांगितले होते. गुरुवार ते रविवार, मोजून चार झाले होते.

सतरांवर भागलं, हे सांगून टाकते. त्या वर्षीच्या उरुसात जुबेदानं जवारी लावलेला तंबोरा एका गवयानं मांडीवर घेतला, दोन मिनिटं छेडला आणि काही न बोलता तसाच गायला बसला. त्या गल्लीत यापेक्षा मोठी पसंती नसते. चौदा वर्षं झाली, हत्यारं तिच्याकडेच आहेत. पण त्या रविवारी हे कुणालाच माहीत नव्हतं. चोवीसपैकी सात कायमचे गेले होते, 'बरोबर' फोल्डर सगळाच गेला होता, आणि चाचा सुन्न पडलेला हात दुसऱ्या हातानं चोळत बसले होते.

मला तेव्हाच सांगायचं होतं. मी तिथं त्याचसाठी आले होते, डिस्क हे निमित्त होतं. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चाचा, डिस्क आपोआप गेली नाही."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांकडे पाहिलं. "काय?"

मी जुबेदाकडे बघितलं, तिनं सांगावं म्हणून. ती तार गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"डिस्क आपोआप गेली नाही," मी जरा मोठ्यानं म्हणाले.

"काय गेलं न्हाई?"

कबुलीजबाब हळू आवाजात द्यायचा असतो अशी माझी समजूत होती. मी पोटात श्वास घेतला आणि ओरडले. "चाचणी मी लावली! तुम्ही दमवू नका म्हणाला होता! मी चार तासांची चाचणी लावली! माझ्यामुळं गेली!"

समोरचे दोन्ही रंधे थांबले. शेजारच्या घरातून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली. गल्लीच्या टोकाला असलेल्या पानवाल्यालाही ते पोचलं असणार. आता सगळ्या मिरजेला माहीत झालं होतं, फक्त ज्याला सांगायचं त्याला कळलं की नाही ते समजत नव्हतं.

त्यांना कळलं होतं. पण तोंडावर राग नव्हता आणि आश्चर्यही नव्हतं. होता तो नुसता गोंधळ.

"आवो, पर हे तुमी त्याच दिवशी सांगितलासा की," चाचा म्हणाले. "माझ्या हातनं चुकलं, लई वाईट वाटतंय, मला माफ करा म्हणून. आता परत कशाला?"

मी पुन्हा जुबेदाकडे पाहिलं. ती तार गुंडाळतच होती.

"मी हिला तवाच म्हणलो," ते जुबेदाकडे बोट दाखवून पुढं म्हणाले, "दुकानात बसून एवढं खरं बोलणारं माणूस मी बगितलं न्हाई. म्हणून तर तुमी आल्यावर डिस्क हातात घेतली. न्हाईतर मेलेल्या वस्तूला कोण हात लावतंय."

भोपळे कुठून आले होते ते मला तेव्हा कळलं.

निघताना जुबेदा गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. आम्ही दोघी जवळजवळ एकाच वयाच्या, पण त्या वेळी मी तिच्यापुढं शाळकरी पोरीसारखी चालत होते. बस येताना दिसली तेव्हा मी विचारलं की तो कागद वाचला होतास ना.

"वाचला होता," ती म्हणाली.

"मग जे मी बोललेच नाही ते का सांगितलंस?"

"अब्बांचे कान गेलेत, मॅडम. त्यांना जे पोचतं ते माझ्याकडून पोचतं." तिनं बसला हात केला. "तुमचं वाक्य बिघडलेलं होतं. मी दुरुस्त करून दिलं."

सोमवारी डिस्क पुण्याच्या पार्सलमध्ये गेली. सोबतच्या फॉर्मवर दोषाचं वर्णन, चाचणीचा कोड, गिऱ्हाइकाची सही असे रकाने होते, ते भरले. शेवटचा रकाना होता, 'दुरुस्ती कोणी केली'. मी पेन टेकवून बराच वेळ बसले. आवटी सरांनी विचारलं, मगदूम, तिथं एवढं काय अडलंय. मी म्हटलं, काही नाही सर. तिथं सेंटरच्याच माणसाचं नाव चालतं असा नियम होता, म्हणून मी माझं लिहिलं.